एअर रायफलसाठी पेलेटची बॅच कशी निवडावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रेंजवर हमखास दिसणारा प्रकार सांगतो. चार डबे समोर ठेवायचे, प्रत्येकातले पाच-पाच पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, झाडायचे आणि ज्याचं भोक सगळ्यांत लहान दिसेल तो डबा ‘आपला’ ठरवायचा. मग त्याच बॅचचे, म्हणजे त्याच खेपेला बनलेले, दहा डबे घेऊन ठेवायचे. दोन महिन्यांनी मध्येच एखादा शॉट ९.८ वर जातो, आणि नेमबाज स्वतःच्या श्वासाला, ट्रिगरला, झोपेला दोष देत बसतो.

यात पेलेट बहुतेक वेळा वाईट नसतात, चाचणीच चुकीची झालेली असते. क्रम उलटा असतो, शॉट कमी असतात आणि निकाल सगळ्यांत चांगल्या ग्रुपवरून, म्हणजे सलग मारलेल्या शॉटच्या भोकांच्या पुंजक्यावरून, काढलेला असतो. हा लेख १० मीटरच्या, हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या, एकेक पेलेट भरून मारायच्या मॅच रायफलसाठी आहे. स्प्रिंगच्या रायफलला यातलं बरंच लागू पडतं. जिथे पडत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

## १. आपण किती बारीक गोष्ट मोजतोय हे आधी समजून घ्या

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचा. पेलेटच्या कडेचा स्पर्श झाला तरी गुण मिळतो. म्हणून १०.० मिळायला पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवं. १०.९ साठी, म्हणजे एका शॉटच्या सर्वाधिक गुणांसाठी, तेच अंतर ०.२५ मिलिमीटर. म्हणजे दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण.

साठ शॉटच्या मॅचमध्ये सरासरी ०.१ गुण गेला की बेरजेत ६ गुण गेले. पेलेटमुळे होणारी फेकाफेक याच मापाची असते: पाव, अर्धा, कधी एक मिलिमीटर. ती उघड्या डोळ्यांनी ‘छान भोक आहे’ म्हणून ओळखता येत नाही.

दुसरा हिशेब वेगाचा. मॅच रायफलमधून पेलेट साधारण सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो. एवढ्या वेगाला १० मीटरवर तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १६-१७ मिलिमीटर खाली येतो. वेग सेकंदाला एका मीटरने घटला की तो आणखी ०.२ मिलिमीटर खाली लागतो. पाच मीटरने घटला तर पूर्ण एक मिलिमीटर. ग्रुप उभा, लांबट दिसत असेल तर पेलेटला नावं ठेवण्याआधी हवेकडे पाहा.

## २. सामान जमवा

लागणारं सामान थोडं आहे:

- रायफल पकडून ठेवणारा व्हाइस किंवा टेस्ट-रेस्ट. तो नसेल तर जड टेबल आणि पुढे-मागे वाळूच्या घट्ट पिशव्या.
- प्रत्येक बॅचचा एकेक डबा. एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त बॅच घेऊ नका.
- कोरी कार्डं, किंवा प्रत्येक शॉटची जागा नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक टार्गेट.
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर.
- भरलेला सिलिंडर, आणि तारीख संपलेली नाही याची खात्री.
- फेल्टचे क्लीनिंग पेलेट किंवा नळीतून ओढायची दोरी.
- वही. मोबाइलमध्ये लिहिलेलं पुढच्या वर्षी सापडत नाही.

क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, मिळालं तर उत्तम. क्लबमध्ये कुणाकडे तरी असतं.

डब्यांवरचं लेबल नीट वाचा. पेलेटचं वजन, हेडचा (पुढच्या टोकाचा) व्यास आणि बॅच किंवा लॉट क्रमांक, अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्यावर असतात. रायफलसाठीचे मॅच पेलेट बहुधा ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तुलाचे त्याहून हलके. हेडचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असा येतो. ‘मला ४.४९ चालतं’ ही अर्धी माहिती झाली. त्याच कंपनीचं, त्याच हेडचं, पण दुसऱ्या बॅचचं पेलेट तुमच्या नळीत वेगळं वागू शकतं. कारण बॅच बदलली की साचा, शिशाचा रोल, यंत्राची जुळणी यांपैकी काहीतरी बदललेलं असतं.

खबरदारी: हे सगळं शिशाचं काम आहे. चाचणी चालू असताना खाणं-पिणं नाही, पेलेट ओठांत धरणं तर अजिबात नाही, आणि संपल्यावर साबणाने हात धुवायचे. ज्या फडक्याने पेलेट पुसले त्याने तोंड पुसू नका.

## ३. रायफलचे स्क्रू आणि जोडण्या

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून पेलेटच्याही आधी घेतली आहे.

स्टॉक (खांद्याला टेकणारा सांगाडा) आणि ॲक्शन (पेलेट भरायची-सोडायची यंत्रणा) जोडणारे स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरावीक जोराने, आवळलेले आहेत का ते पाहा. अंदाजाने ‘जोर लावून’ आवळू नका. एक सैल आणि एक घट्ट राहिला तर ॲक्शनवर ताण येतो. नळीवरची वजनं, पुढच्या साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) टनेल, गालाचा टेकू हलवून बघा. नळीवरचं वजन जराही डुगडुगत असेल तर कुठलीही बॅच चांगली येणार नाही आणि तुम्ही दिवसभर चांगल्या पेलेटना नापास करत बसाल.

नळीच्या तोंडाची कड भिंगातून बघा. तिथे शिशाचा थर एका बाजूला जास्त जमला असेल तर मऊ कापडाने पुसा. टोकदार काही घालून खरवडू नका. पेलेटला शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. तिथे ओरखडा पडला की तो कायमचा राहतो.

तपासणी: काम चालू असताना सिलिंडर काढलेला किंवा हवा बंद, नळी रिकामी, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. ‘मी आत्ताच पाहिलं होतं’ चालत नाही. हातात घेताना प्रत्येक वेळी पुन्हा बघायचं.

## ४. हवा

सिलिंडर भरून आणा आणि भरल्यावर थंड होऊ द्या. हवा दाबताना सिलिंडर गरम होतो. गरम असताना काटा २०० बार दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. सावकाश भरला तर हा फरक कमी पडतो.

रायफलमधला रेग्युलेटर सिलिंडरचा दाब कमी-जास्त असला तरी पेलेटमागची हवा सारखी ठेवतो. पण सिलिंडर फार उतरला की त्याच्याही हातात काही राहत नाही आणि वेग घसरू लागतो. नेमका कुठल्या दाबाला, हे पुस्तिकेत असतं. चाचणी त्या आकड्याच्या बरीच वर संपली पाहिजे. सिलिंडर मध्येच बदलावा लागेल अशी वेळ येऊ देऊ नका. यायचीच असेल तर पूर्ण फेरी संपल्यावर बदला, एका बॅचच्या मध्यात नाही.

रायफल बराच वेळ नुसती पडून असेल तर पहिले काही शॉट वेगळ्या वेगाने जातात. म्हणून सुरुवातीचे आठ-दहा शॉट कुठल्याही पेलेटचे, मोजणीबाहेर.

खबरदारी: सिलिंडरच्या आट्यांना, व्हॉल्व्हला, भरण्याच्या अडॅप्टरला तेल किंवा ग्रीस लावू नका. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. मुदत संपलेला सिलिंडर ‘अजून चांगला दिसतो’ म्हणून वापरू नका. तो कसा दिसतो यावरून आतली अवस्था कळत नाही. आणि वेग कमी वाटला म्हणून रेग्युलेटर स्वतः उघडणं हे घरी करायचं काम नव्हे.

## ५. नळी साफ करा, मग पुन्हा ‘बसवा’

वेगवेगळ्या कंपन्यांचे पेलेट वेगवेगळ्या वंगणाचे असतात, शिसंही थोडं मऊ-कडक असतं. आधीच्या पेलेटचा थर नळीत असताना नवी बॅच तपासली तर दोघांची खिचडी तपासली जाते.

सफाई नेहमी मागून पुढे, म्हणजे ज्या दिशेने पेलेट जातो त्याच दिशेने. दोरी असेल तर मागच्या बाजूने घालून तोंडातून ओढून काढा. हवेच्या रायफलमध्ये फेल्टचे क्लीनिंग पेलेट झाडूनही काम होतं. पहिले काळे निघतात, मग करडे. करडे आले की थांबा, पांढरेशुभ्र येईपर्यंत झाडत बसायची गरज नाही.

खबरदारी: स्प्रिंगच्या रायफलमध्ये फेल्ट झाडू नका. फेल्ट इतकं हलकं असतं की पिस्टनसमोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धाडकन पुढे आपटतो. रिकामी रायफल झाडण्यासारखंच ते. तिथे दोरीच.

आता महत्त्वाची गोष्ट. साफ केलेली नळी लगेच नेम धरत नाही. पहिले दहा-वीस शॉट इकडे-तिकडे जातात, मग नळीत पातळ, एकसारखा थर बसतो आणि ग्रुप आवळत येतो. बऱ्याच लोकांची चाचणी इथेच बिघडते. सकाळी नळी साफ केली, पहिली बॅच लगेच तपासली, ती पसरली म्हणून नापास केली. शेवटची बॅच मात्र बसलेल्या नळीतून गेली आणि पास झाली. खरं तर दोन्ही बॅच सारख्याच असू शकतात.

## ६. पेलेट हातात घेऊन बघा

मॅच पेलेटचं पुढचं टोक सपाट असतं, म्हणून कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. मध्ये कंबर, मागे पोकळ स्कर्ट. हवेचा दाब आला की स्कर्ट फुलून नळीच्या आतल्या पिळदार खाचांना चिकटतो. तोच पातळ असल्यामुळे सगळं नुकसान तिथे होतं.

दिव्याखाली एक पेलेट उलटा करून स्कर्टची कड बघा. चांगल्या पेलेटची कड एकसंध, चमकदार रेषेसारखी दिसते. एखाद्याला बारीकशी चपटी जागा असते, तिथे ती रेष तुटल्यासारखी दिसते. असा पेलेट बाजूला. हेडवर शिशाचा बारीक तुकडा चिकटलेला, कंबरेवर साच्याची जाड रेघ, पांढुरकी पूड धरलेला, हेही बाजूला. पांढरी पूड म्हणजे दमट हवेत शिसं गंजलेलं. पुसून वापरायचा मोह टाळा.

डबा हलवून ‘भरलेला आहे का’ बघायची सवय सोडा. खाली पडलेला पेलेट उचलून परत डब्यात टाकू नका. बाकीच्यांत मिसळला की तो ओळखू येत नाही.

गोलाई तपासायची एक साधी युक्ती आहे. काचेचा सपाट तुकडा किंचित तिरका ठेवा आणि पेलेट आडवा ठेवून वरून सोडा. हेड आणि स्कर्टचे व्यास वेगळे असल्यामुळे तो सरळ न जाता वळण घेत खाली येतो. सगळे सारखे असतील तर जवळजवळ एकाच जागी पोचतात. जो भलतीकडे जातो किंवा लंगडत घरंगळतो त्याचा स्कर्ट वाकडा आहे.

वजन करायचं का? माझं मत, मॅच पेलेट असतील तर नको. ०.५३ ग्रॅमच्या वस्तूत उपयोगी फरक दिसायला हजारांश ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, आणि हाताळताना स्कर्ट चेपण्याचा धोका त्या फायद्याहून मोठा. पेलेट धुऊन त्याला तेल लावण्याचीही एक परंपरा आहे. मॅच पेलेटना मी ते सुचवणार नाही. प्रत्येकावर सारखंच तेल बसलं का हा नवा प्रश्न त्यातून उभा राहतो.

तपासणी: मॅचमध्ये तुम्ही पेलेट निवडून वापरणार असाल तर चाचणीतही निवडूनच वापरा. मॅचमध्ये डब्यातून सरळ उचलणार असाल तर चाचणीतही तसंच.

## ७. रायफल पकडणं

व्हाइसचा जबडा नळीला लावायचा नाही, सिलिंडरलाही नाही. पकड ॲक्शनवर किंवा स्टॉकवर, पुस्तिकेत सांगितलेल्या जागी. नळी मोकळी हवी, कारण शॉट सुटताना ती कंप पावते आणि त्या कंपाला अडथळा झाला की ग्रुप बदलतो.

व्हाइस ज्या टेबलावर आहे ते टेबल हलत नाही ना, हे बघायचा सोपा मार्ग: सुरुवातीला दहा शॉट मारा, रायफलला हात न लावता पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाच शॉट मारा. ग्रुपची जागा सरकली असेल तर पकड सैल आहे. टेबलावर कोपर टेकणारा मित्र असेल तर त्याला प्रेमाने दूर बसवा.

व्हाइसमध्ये नेम धरायचा नसतो, म्हणून ग्रुप टार्गेटच्या मध्यावर आला नाही तरी बिघडत नाही. लोक विनाकारण रायफल सरकवत राहतात आणि ग्रुप केंद्रात आणायच्या नादात पकडच बिघडवतात. आपल्याला ग्रुपचा आकार हवा आहे, जागा नको.

वाळूच्या पिशव्यांवर करत असाल तर माणूस मध्ये आलाच. मग एकाच नेमबाजाने, एकाच बैठकीत, दर वेळी पिशवी स्टॉकच्या त्याच जागी ठेवून करायचं. यातून अर्धा मिलिमीटरचे फरक खात्रीने कळत नाहीत, पण चांगलं आणि वाईट वेगळं नक्की करता येतं.

## ८. शॉट मारण्याचा क्रम

सगळ्या चाचणीचा जीव या क्रमात आहे.

समजा अ, ब, क, ड अशा चार बॅच आहेत. एका बॅचचे सगळे ग्रुप सलग मारून पुढच्या बॅचकडे जायचं नाही. फेऱ्या करायच्या:

पहिली फेरी: अ, ब, क, ड.
दुसरी फेरी: ड, क, ब, अ.
तिसरी फेरी: ब, ड, अ, क.

प्रत्येक वेळी आधी त्या बॅचचे पाच शॉट नळी बसण्यासाठी, वेगळ्या कार्डावर, आणि मग दहा शॉटचा ग्रुप कोऱ्या कार्डावर. कंपनीच बदलत असेल तर पाचांऐवजी दहा ते पंधरा. चार बॅच, तीन फेऱ्या म्हणजे मोजणीचे १२० शॉट आणि बसवण्याचे निदान ६०.

फेऱ्या का? दिवसभरात खोलीचं तापमान बदलतं, सिलिंडर उतरतो, नळीत थर वाढतो, तुम्ही दमता. एकेक बॅच सलग मारली तर हे सगळे बदल नेमके एका बॅचच्या खात्यात जमा होतात. फेऱ्यांत ते सगळ्यांत वाटले जातात.

दहाच शॉट का, पाच का नाहीत? पाच शॉटचा ग्रुप योगायोगाने लहान येतो, आणि वारंवार येतो. पसरणारी बॅचसुद्धा पाच शॉट एका भोकात घालून दाखवते. दहाला ही लबाडी अवघड जाते, आणि दहाचे तीन ग्रुप असले की जवळजवळ अशक्य होते.

पेलेट भरताना घाई नको. बोट कोरडं ठेवा. पेलेट नळीच्या मागच्या तोंडाशी सरळ बसला पाहिजे. तिरका बसला असताना बोल्ट (पेलेट नळीत सारणारा दांडा) पुढे ढकलला की स्कर्टची कड कापली जाते. बोल्ट नेहमीपेक्षा थोडा अडखळला तर बोटाला ते लगेच कळतं. त्या क्षणी थांबा, वहीत खूण करा, आणि तो शॉट बसवण्याच्या कार्डावर मारून मोकळे व्हा.

खबरदारी: शॉट रद्द करायचा निर्णय भोक बघण्यापूर्वी घ्यायचा, बघितल्यानंतर नाही. ‘हा बाहेर गेला, बहुतेक माझ्याकडून काही झालं असेल’ असं म्हणून बाहेरचा शॉट वगळला की चाचणी संपली. व्हाइसमध्ये रायफल असताना तुमच्याकडून काय होणार? तो बाहेरचा शॉटच तुम्हाला शोधायचा होता.

तपासणी: प्रत्येक कार्डावर मारण्याआधीच बॅच, हेड, फेरी आणि सिलिंडरचा दाब लिहा. नंतर लिहू म्हटलं की दोन कार्डं सारखी दिसतात.

दारं-खिडक्या एकसारख्या ठेवा, सगळ्या बंद किंवा सगळ्या उघड्या. मध्येच कुणी दार उघडून वारा आला तर तेही वहीत.

## ९. मोजणी

ग्रुपच्या सर्वांत दूरच्या दोन बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरलं ते केंद्र-ते-केंद्र अंतर. बाहेरून ५.५ मिलिमीटर आलं म्हणजे केंद्रांमधलं अंतर १ मिलिमीटर. असा ग्रुप मधोमध धरला तर कुठलाही शॉट १०.८ च्या खाली जायला नको, निदान पेलेटच्या दोषाने तरी नाही.

कागदाच्या भोकाभोवती शिशाचा राखाडी वळसा दिसतो. कॅलिपर त्या वळशाच्या बाहेरच्या कडेला लावायचा की आतल्या, हे ठरवा आणि सगळ्या कार्डांना तेच ठेवा. एकाच माणसाने सगळी मोजावीत. शक्य असेल तर बॅचचं नाव झाकून. आवडत्या कंपनीचा ग्रुप मोजताना कॅलिपर नकळत जरा जास्त दाबला जातो.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटची जागा मिळते. मग ग्रुपचं मध्य काढून त्यापासून प्रत्येक शॉट सरासरी किती दूर आहे ते बघा. टोकाचं अंतर दहांतल्या फक्त दोन शॉटवर ठरतं, सरासरी अंतरात दहाही शॉट बोलतात. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

ग्रुपचा आकारही पाहा. गोल पसरलेला ग्रुप बहुधा पेलेट आणि नळीचं जमत नसल्याचं सांगतो. उभा लांबट ग्रुप वेगातला फरक सांगतो, मग क्रोनोग्राफ लावा. आडवा लांबट ग्रुप दिसला तर आधी व्हाइस, स्टॉकचे स्क्रू आणि वारा तपासा. सगळ्याच बॅच एकाच दिशेने लांबट येत असतील तर पेलेट निर्दोष आहेत. चाचणी थांबवा आणि तिसऱ्या पायरीवर परत जा.

## १०. निवड: सर्वांत वाईट ग्रुपवरून

एक काल्पनिक निकाल घ्या, बाहेरून बाहेरचं माप, मिलिमीटरमध्ये:

अ: ५.१, ५.३, ६.९
ब: ५.७, ५.६, ५.८
क: ६.४, ६.२, ६.६
ड: ५.४, ६.३, ५.५

बहुतेक जण ‘अ’ उचलतात, कारण ५.१ चं कार्ड भिंतीवर लावण्यासारखं दिसतं. घ्यायची असते ‘ब’. तिचा सर्वांत वाईट ग्रुप ५.८ आहे, ‘अ’चा ६.९. मॅचमध्ये साठ शॉट मारायचे आहेत, त्यांत ‘अ’चा तो वाईट स्वभाव केव्हा ना केव्हा दिसणारच. त्या ६.९ च्या कार्डावर नऊ शॉट एका भोकात आणि एक बाहेर असेल, तर तो एकटा शॉटच खरी बातमी आहे.

‘क’ सातत्याने पसरते. ती सरावालाही नको, कारण चांगल्या शॉटला वाईट गुण देऊन ती तुमचा स्वतःवरचा विश्वास घालवते. ‘ड’बद्दल शंका आहे. तिचे आणखी दोन ग्रुप मारा, मग ठरवा.

कुठल्याही दोन बॅच इतक्या जवळ असतील की फरक ०.१-०.२ मिलिमीटरचाच आहे, तर त्यांना सारखंच समजा. मग ज्या बॅचचे जास्त डबे मिळतील ती घ्या. कॅलिपरच्या चुकीएवढ्या फरकावरून निवड करण्यात अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज. क्लबमधल्या दुसऱ्याच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला जी बॅच चालते ती आपल्यालाही चालेल, असं धरून चालू नका. नळी-नळीत फरक असतो. त्याची बॅच यादीत घाला, निकालात नाही.

## ११. हातात घेऊन खात्री

व्हाइसमधून रायफल काढा, साइट लावा आणि उभ्याने साठ शॉटची एक पूर्ण मालिका मारा. नवी बॅच म्हणजे झिरो (शॉट मध्यावर लागेल अशी साइटची जुळणी) बदलणार, म्हणून साइटर (मोजणीआधीचे सरावाचे शॉट) जास्त ठेवा आणि साइटचे क्लिक (फिरवण्याचे टप्पे) किती बदलले ते लिहा.

इथे पेलेटचा निकाल बदलायचा नाही. उभ्याने मारताना पसरलेल्या ग्रुपमध्ये पेलेटचा वाटा किती हे सांगता येत नाही, म्हणून तर व्हाइस होता. या मालिकेत फक्त दोन गोष्टी पाहायच्या: पेलेट भरताना अडखळतात का, आणि ठीक सुटलेला शॉट जिथे वाटला तिथेच लागतो का.

सरावाला स्वस्त आणि मॅचला चांगले असे दोन पेलेट वापरत असाल तर दोन्हींचे क्लिक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मॅचच्या निदान आठवडाभर आधी मॅचच्याच पेलेटवर या. आदल्या दिवशी बदललं की नळी बसण्यात आणि झिरो शोधण्यात साइटर संपतात.

## १२. साठा आणि नवा डबा

निवडलेल्या बॅचचे डबे घेताना प्रत्येकाचं लेबल स्वतः वाचा. एकाच खोक्यात दोन बॅच निघू शकतात. डब्यात साधारण ५०० पेलेट असतात. मॅचचे साठ, साइटर आणि बाद केलेले धरून एका मॅचला शंभर धरा, आणि त्यावरून वर्षाचा हिशेब करा. गरजेपेक्षा फार जास्त घेऊन ठेवलेले पेलेट दमट कपाटात पांढरे पडतात. कोरडी जागा, सारखं तापमान, आणि डबे आडवे-तिडवे न फेकता एकावर एक.

नवा डबा उघडला की दहा शॉटचे दोन ग्रुप मारायचे. दोन्ही आधीच्या आकड्यांच्या आसपास आले तर डब्यावर तारीख घालून वापरायला घ्या. एक जरी मिलिमीटरभर मोठा आला तर आधी जुन्या, चांगल्या डब्यातले राखून ठेवलेले दहा पेलेट मारा. तेही पसरले तर दोष रायफलचा किंवा हवेचा आहे, डबा बाजूला ठेवून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीपासून तपासत या. जुने आवळून आले आणि नवे पसरले तर तो डबा सरावाला लावा. त्यासाठी प्रत्येक चांगल्या बॅचचे पन्नास-साठ पेलेट वेगळ्या डबीत, लेबल लावून, हात न लावता ठेवायचे.